नवशिक्याचा पहिला काता

ओकिनावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कराटे शिकू इच्छिणाऱ्या मुलासाठी पहिली, दुसरी, तिसरी अशा ठरलेल्या पायऱ्या नव्हत्या, कारण ही विद्या वर्गात नव्हे, तर गुरूच्या अंगणात, बहुधा रात्री आणि मोजक्याच शिष्यांना दिली जात असे. शिक्षणाचा गाभा होता ‘काता’, म्हणजे चढाई आणि बचावाच्या हालचालींची ठरावीक क्रमाने बांधलेली मालिका. एका कात्याला तीन वर्षे द्यावीत, असा तेथील संकेत होता. पुढे कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गिचिन फुनाकोशी (जन्म १८६८) यांनी तारुण्यात नाइहांचीचे तीन काते घोटण्यात सुमारे दहा वर्षे घालवली. अशा व्यवस्थेत प्रगती मोजण्याचे साधन एकच, ते म्हणजे गुरूची नजर, आणि गुरूने पुढचे सांगेपर्यंत शिष्याने मागचेच गिरवत राहायचे.

ही चौकट मोडली ती शाळेने. जपानने १८७९ मध्ये र्‍युक्यू राज्य खालसा करून ओकिनावाला आपला प्रांत केले, १८९८ मध्ये तेथे सक्तीची लष्करभरती आली आणि मुलांच्या शरीरसंवर्धनाकडे शिक्षणखात्याचे लक्ष वळले. राजदरबारात लेखनिक राहिलेले शुरी येथील गुरू आंको इतोसू (१८३१–१९१५) यांनी १९०१ च्या सुमारास प्राथमिक शाळेत आणि १९०५ पासून माध्यमिक शाळेत कराटे शिकवण्यास आरंभ केला. समोर चार निवडक शिष्यांऐवजी रांगेत उभी असलेली मुले आली, तेव्हा अंगणातली पद्धत अपुरी पडणे अटळ होते. इतोसूंनी ‘पिनान’ (या चिन्हांचा अर्थ ‘शांती’) नावाचे पाच छोटे काते रचले; कुशांकू या लांबलचक आणि अवघड कात्यातील अनेक हालचाली त्यांत सुट्या करून, मुलांना पेलतील अशा बेताने मांडलेल्या दिसतात. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षणखात्याला लिहिलेल्या दहा कलमी पत्रात या विद्येचे आरोग्याला आणि सैनिकी जीवनाला होणारे लाभ सांगितले, तसेच माकिवारावर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या आणि वर गवताचा दोर गुंडाळलेल्या फळीवर, रोज ठोसे मारण्याचा आग्रह धरला.

पिनानमुळे मूळ विद्या पातळ झाली, हालचालींमागचे झुंजीतले अर्थ मागे पडून निव्वळ कवायत उरली, असा आक्षेप नंतरच्या काळात घेतला गेला आणि तो पूर्णपणे निराधार नाही. तथापि ज्याला गुरूचे दार कधीच उघडले नसते अशा सामान्य मुलाला इतोसूंनी शिकण्याचा अधिकार दिला, ही गोष्ट त्या आक्षेपापेक्षा कितीतरी मोठी ठरते; ‘नवशिका’ या अवस्थेला स्वतःचा अभ्यासक्रम मिळाला तो येथेच.

प्रगतीची दुसरी मोजपट्टी, म्हणजे पट्टा, ओकिनावाची नव्हेच. ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ‘डॅन’ ही श्रेणी सुरू केली. ‘गो’ या पटावरच्या खेळात खेळाडूंची प्रतवारी अशाच डॅनांनी पूर्वीपासून होत असे. डॅनच्या खालच्या इयत्तांना ‘क्यू’ म्हणतात आणि त्यांची गणती उलटी चालते, म्हणजे आकडा जितका लहान तितका विद्यार्थी पहिल्या डॅनच्या, म्हणजेच काळ्या पट्ट्याच्या, जवळ. फुनाकोशी १९२२ मध्ये प्रात्यक्षिकासाठी टोकियोला आले, तेव्हा कानोंनी त्यांना कोदोकानात निमंत्रण दिले; कोदोकानची ही श्रेणीपद्धत फुनाकोशींनी स्वीकारली आणि एप्रिल १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना कराटेतील पहिले डॅन दिले. मधल्या इयत्तांच्या रंगीत पट्ट्यांची चाल मात्र युरोपातील ज्युदोत फोफावली आणि १९३० च्या दशकापासून पॅरिसमध्ये शिकवणारे कावाइशी यांचे नाव तिच्याशी विशेष जोडले जाते. पांढरा पट्टा वर्षानुवर्षांच्या घामाने आणि मळाने आपोआप काळा होत गेला, ही वर्गावर्गांतून सांगितली जाणारी कथा हृद्य असली, तरी श्रेणींचा हा इतिहास तिला आधार देत नाही.

पिनानच्या क्रमालाही फुनाकोशींनी हात लावला. त्याच चिन्हांचा जपानी उच्चार घेऊन त्यांनी या कात्यांना ‘हेइआन’ म्हटले आणि इतोसूंचा दुसरा काता शिकायला अधिक सोपा असल्याने तो पहिला केला, पहिला दुसऱ्या जागी नेला. म्हणून शोतोकान या फुनाकोशींच्या परंपरेत, मग तो वर्ग टोकियोत भरो की पुण्यात, नवा विद्यार्थी हेइआन शोदान या पहिल्या कात्यासाठी उभा राहून डावीकडे वळतो आणि खालचा बचाव घेतो, तेव्हा तो शुरीतल्या मुलांच्या वाट्याला दुसऱ्या क्रमाने येणारा काता सर्वांत आधी शिकत असतो.