देव नदीला गेल्यावर

आमच्या घरचे देव कन्हान नदीला गेले ते १९५६ च्या दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत. कुळदेवाचे टाक आणि शेंदूर फासलेले दोन गोटे आजोबांनी धोतराच्या फडक्यात बांधले आणि पाण्यात सोडून दिले. ही गोष्ट आजोबा चार वाक्यांत संपवायचे. आजी सांगायला बसली की रात्र व्हायची, कारण तिच्या मते खरी गोष्ट देव गेल्यानंतरची होती.

आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. सभा, मोर्चे, समता सैनिक दल हे त्यांचं जग. त्यांच्या वडिलांच्या पिढीनं चोखोबाच्या नावानं मान मागितला होता. त्या काळी नागपुरात किसन फागूजी बनसोड्यांसारखी माणसं चोखामेळ्याचं नाव घेऊन सुधारणेचं काम करत होती. पण १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि आजोबा सांगत, एकाच ओसरीवर बाप-लेकांत फूट पडली. बापाला चोखोबा सोडवेना. लेकाला पायरीबाहेर उभं राहून नमस्कार करणाऱ्या संताची लाज वाटू लागली. कामठीच्या बाबू हरदासांनी ‘जयभीम’ हा नमस्कार रुजवला. तो पहिल्यांदा घरात ऐकला तेव्हा पणजोबांनी उत्तरादाखल ‘रामराम’च म्हटलं होतं.

आजीची चळवळ वेगळ्या वाटेनं सुरू झाली. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. आजी तेव्हा पोरसवदा, आईचा पदर धरून गेलेली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायांना रजा, असे ठराव तिथं झाले. तिला त्यातलं फारसं कळलं नाही. लक्षात राहिलं ते इतकंच, की माइकवर बाई बोलत होती आणि समोर बसलेले पुरुष गप्प होते.

मग १४ ऑक्टोबर १९५६. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मैदान. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लगेच समोरच्या लाखोंना बाबासाहेबांनी स्वतः त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजीला पांढरं लुगडं मिळालं नव्हतं. आजोबांचं जुनं धोतर नेसून ती उभी राहिली. “लाज नाही वाटली?” मी विचारलं. “काहून वाटन? सारेच धुतल्या कपड्यातले होते. कोन कोनाले पाहते!”

घरी आल्यावर अडचणी सुरू झाल्या. देव नदीला गेले आणि त्याच आठवड्यात आजीचा थोरला तापानं फणफणला. सासू म्हणाली, “पाह्य, मरीमाय कोपली.” तिनं एक टाक आधीच ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवला होता. रात्री ती त्याच्यापुढे हळद-कुंकू वाहायची. आजीला ते ठाऊक होतं. तिनं आजोबांना सांगितलं नाही. मुलाला मेयो हॉस्पिटलात नेलं, तो बरा झाला, आणि तरीही सासूच्या टाकाला तिनं हात लावला नाही. आजीचं म्हणणं असं, की मैदानावर लाख माणसं एका आवाजात बोलतात, पण घरात प्रत्येकाचं भय वेगळं असतं आणि ते ज्याचं त्यालाच सोडावं लागतं. सासूनं तो टाक काही वर्षांनी स्वतःच बाहेर काढून दिला.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. लोक बौद्ध झाले होते, पण बारसं कसं करायचं, मयताला काय म्हणायचं, लग्न कोण लावणार? पूजापाठाची छोटी पुस्तिका बाबासाहेब करून गेले होते. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य गावोगाव फिरून विधी शिकवू लागले. आमच्या घरातलं पहिलं बौद्ध लग्न आत्याचं. पांढरी साडी, फुलं, वंदना आणि दोघांच्या प्रतिज्ञा. म्हाताऱ्या बाया जेवणाची पंगत बसली तरी वाट पाहत होत्या. “एवढ्यात झालं लगन?” १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते २७ लाखांच्या वर गेले. या आकड्यामागे अशी हजारो घाईघाईची, भांबावलेली लग्नं आहेत.

या ओळखीची किंमतही होती. शाळेच्या फॉर्मवर ‘हिंदू महार’ लिहिलं तर सवलत, ‘बौद्ध’ लिहिलं तर केंद्राच्या सवलती बंद. महाराष्ट्रानं राज्यापुरती वाट काढली. केंद्रानं कायदा बदलला तो १९९० मध्ये. आजोबांनी बाबांच्या नावापुढे ‘बौद्ध’च लिहिलं. बाबांच्या बरोबरीचे दोघे दुसरं लिहून केंद्राच्या नोकरीत लागले. त्यांना आमच्या घरात कुणी नावं ठेवली नाहीत. पोटाचा प्रश्न होता. पण आजी म्हणायची, “मोर्चात गेलं त एक दिवस. कागदावर लिवलं त जनमभर.”

मोर्चेही झालेच. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. ऑगस्टमध्ये नागपुरात निषेध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. पुढच्या वर्षी जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च निघाला, त्यात बाबाही होते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. या सोळा वर्षांत पुढारी फुटले, पक्षाचे गट पडले. आमच्या वस्तीतल्या बाया मात्र एकत्र राहिल्या, कारण त्या दर पौर्णिमेला विहारात भेटतच होत्या. मार्चसाठी भाकरी जमवायच्या ठरल्या तेव्हा वेगळी बैठक बोलवावी लागली नाही. वंदना संपल्यावर सतरंजीवरच कुणी किती भाकरी द्यायच्या ते ठरलं.

मला आजीच्या सगळ्या सांगण्याचं सार इथं सापडतं. चळवळ पेटते ती अन्यायावर. दोन लढ्यांच्या मधल्या थंड वर्षांत तिला जगवतात ते विधी. वर्षावासात, आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला जातो. अक्षरओळख नसलेल्या आजीनं तो ग्रंथ वर्षानुवर्षं ऐकला, आणि वाचणाऱ्याला मध्येच अडवून “म्हंजे कसं?” असं विचारणं तिनं कधी सोडलं नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून जास्त बौद्ध होते. आता विहार पक्के झाले, लग्नात हळद परत आली, जयंतीला डीजे आला. हळदीवरून घराघरात भांडणं होतात, ती खुशाल व्हावीत. मला भीती दुसरीच वाटते. बावीस प्रतिज्ञा आता इतक्या भरभर म्हटल्या जातात की त्यांतला नकार कुणाला ऐकूच येत नाही. प्रश्न विचारण्याची मुभा गेली की धम्माचंही कर्मकांड होतं, आणि त्यासाठी नदीला देव सोडण्याची काही गरज नव्हती. १९५६ साली दहा वर्षांची असलेली पोरं आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, आणि दीक्षेचा दिवस विचारून झाला की त्यानंतरचं वर्ष विचारा. आणि पुढच्या पौर्णिमेला एखादं पोर वंदनेच्या मध्येच “म्हणजे काय?” म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका.