गाडीची जन्मतारीख

आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेली! त्यामुळे डीलोरियन या स्पोर्ट्स कारचं मला नवल वाटत नाही. बेलफास्टजवळच्या डनमरीत ती १९८१ च्या जानेवारीपासून बनू लागली अन् १९८२ च्या डिसेंबरात कारभार आटोपला. गाड्या सुमारे नऊ हजार. तरी कागदोपत्री १९८३ चं मॉडेल आहेच! अमेरिकेत रिवाजच तसा. पुढच्या सालचं मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात. १९८५ च्या 'बॅक टू द फ्यूचर' सिनेमात ही गाडी काळाच्या पुढे धावली म्हणतात; अहो, ती आधीच धावली होती! गाडीला पुढचं साल मिळालं. ती जोडणाऱ्या दोन हजारांवर कामगारांना मात्र ते बेकारीतच उजाडलं.