अजिंठ्याच्या चित्रांची चित्रे

अजिंठ्यावर प्रबंध लिहिणारी माणसे लेण्यांजवळच्या फर्दापूरला मुक्काम करतात तो थोडाच. लेण्यांत उजेड बेताचा, गर्दी मात्र भरपूर. खरा अभ्यास चालतो तो दूर कुठेतरी, टेबलावर ठेवलेल्या चित्राच्या चित्रावर. या प्रतींचीही एक वंशावळ आहे, आणि अभ्यासकांना कुठला प्रश्न सुचला हे पुष्कळदा हाताशी कुठली प्रत होती यावरच ठरले.

पहिला मान रॉबर्ट गिलचा. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातल्या या अधिकाऱ्याला भित्तिचित्रांच्या तैलरंगी प्रती करायला नेमले आणि तो इथलाच होऊन गेला. मराठी वाचकाला गिल माहीत आहे तो त्याची प्रेयसी पारो हिच्यामुळे; त्याच्या कुंचल्याचे काम पाहायला फारसे उरलेच नाही. लंडनला पाठवलेल्या प्रती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि त्यातून मोजक्याच वाचल्या.

मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत उतरले. 1872 पासून 1885 पर्यंत हे काम चालू होते. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्यात होते आणि सुमारे 300 चित्रे तयार झाली. त्यांचेही नशीब तेच. 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागून शंभरावर चित्रे गेली. उरलेल्यांच्या आणि जुन्या नोंदींच्या आधारावर 1896-97 मध्ये दोन भले मोठे खंड निघाले, आणि युरोपातल्या वाचनालयांत अजिंठा पोहोचला तो मुख्यतः या खंडांतून.

पण याची किंमत भिंतीनेही मोजली. धुरकटलेले रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. त्या वेळी रंग खुलले, प्रती झाल्या. पुढे व्हार्निश पिवळे पडले, त्याला तडे गेले आणि त्याच्याबरोबर रंगाचे पापुद्रेही सुटू लागले. 1920 नंतर निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला, आणि कालांतराने तोही काळवंडला. प्रत नीट यावी म्हणून मूळ बिघडवणे हे कलेतिहासातले मला सर्वांत खटकणारे कर्म आहे, आणि त्याची चर्चा त्या खंडांच्या कौतुकापेक्षा फारच कमी होते.

हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी चित्रकाराच्या जागी कॅमेरा आणला. 1930 ते 1955 या काळात छायाचित्रांवर आधारलेले त्यांचे चार भाग प्रसिद्ध झाले. चित्रकाराचा हात मधे नाही, म्हणून हे पुरावा म्हणून चालेल, ही समजूत तिथे पक्की झाली.

वर्गात अजिंठा आला तो स्लाइडवरून. दोन चित्रे शेजारी शेजारी पडद्यावर टाकून फरक दाखवायची रीत हाइनरिश व्योल्फलिनने बर्लिनमध्ये रुळवली होती. ती जगभरच्या विद्यापीठांनी उचलली. पुठ्ठ्याच्या चौकटीत 35 मिलिमीटरची फिल्म, चौकटीवर टाइप केलेले लेणे क्रमांक आणि भिंतीची दिशा, आणि एका कोपऱ्यात लाल ठिपका. हा ठिपका अंगठ्याखाली धरून स्लाइड उलटी खाचेत सरकवली की पडद्यावर बुद्ध सुलटा दिसायचा. मिशिगन विद्यापीठातल्या वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या लेण्यांचा कालक्रम वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या जेमतेम दोन दशकांत बसवला. त्यांचा पुरावा सुंदर चित्रांत कमी आणि दाराची फळी फिरते त्या दगडातल्या खाचांसारख्या गोष्टींत जास्त होता. अशा खाचेची तैलरंगी प्रत करायला कोण बसले असते? फिल्म स्वस्त म्हणून तिचाही फोटो काढणे परवडायचे.

स्लाइडचीही एक खोड होती. जुन्या एक्टाक्रोमच्या स्लाइडमधला निळसर रंग बंद पेटीतही उडतो आणि सगळे चित्र तांबूस होते. नेमका अजिंठ्याचा दिमाख अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी निळ्यात. म्हणजे जुन्या पेट्यांवर शिकणाऱ्यांना आकृती कळत होती, रंग मात्र चुकीचा दिसत होता.

2004 मध्ये कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले आणि त्याच वर्षी विद्यापीठांसाठीचा आर्टस्टोर हा डिजिटल चित्रसंग्रह सुरू झाला. अनेक विभागांतली लाकडी कपाटे अडगळीत गेली. 2024 मध्ये आर्टस्टोरचे स्वतंत्र संकेतस्थळही बंद होऊन सगळे जेस्टोर या शोधनिबंधांच्या डिजिटल संग्रहात विलीन झाले. चित्र शोधणे सोपे झाले, पण चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेली शिक्षकाची शंका संगणकात चढवायचे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

गंमत म्हणजे कथा ओळखण्याच्या कामात बाजी मारली ती साध्या रेघांनी. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलोफ यांनी सोळाव्या-सतराव्या लेण्यांतल्या जातककथा लावताना भिंतीचा डाग, तडा, पापुद्रा बाजूला ठेवून फक्त बाह्यरेषा काढून घेतल्या. छायाचित्र डाग आणि डोळा सारख्याच निष्ठेने टिपते; यातले चित्र कोणते, हे रेघ मारणाऱ्याला ठरवावेच लागते. आणि जिथे आता भिंतीवर काहीच उरलेले नाही, तिथे ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या आगीतून वाचलेल्या प्रती पुन्हा कामाला येतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्या इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. प्रबंध लिहिणाऱ्याने त्यातली एक, याझदानींचे एक पान आणि आजचे एक छायाचित्र शेजारी ठेवावे, आणि चित्राचा कुठला तुकडा कोणत्या दशकात गेला ते मोजत बसावे.