ऊसतोड कामगारांची मुले
ऊसतोड कामगारांची मुले : साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करणारी किंवा त्यांच्या मागे गावी राहणारी मुले. महाराष्ट्रात १९५० मध्ये लोणी (प्रवरानगर) येथील सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे कारखाने वाढले, तशी ऊसतोडीसाठी हंगामी मजुरांची गरजही वाढली. मराठवाड्यात ही दोन्ही अंगे शेजारी-शेजारी दिसतात. जायकवाडी प्रकल्पाच्या कालव्यांनी गोदाकाठी ऊस वाढविला व जालना जिल्ह्यात अंकुशनगर (ता. अंबड) येथे समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तर बीड व जालना जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून मजूर ऊसपट्ट्याकडे जात राहिले.

मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पतिपत्नी मिळून तोडणी करतात. या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. पहाटेच फडात जावे लागत असल्याने तान्हे मूल पाचटावर किंवा थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असते. तिची शाळा त्यामुळे सुटते. गावी आजीआजोबांकडे ठेवलेल्या मुलाची शाळा टिकते; मात्र सुमारे सहा महिने त्याला आईवडिलांचा सहवास लाभत नाही.

जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात (१९५१) मातेपासूनच्या दीर्घ वियोगाचे दुष्परिणाम दाखविले. व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा प्रभृतींनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात (१९९८) बालपणीच्या आघातांचा प्रौढपणीच्या आजारांशी संबंध आढळला. हे अभ्यास ऊसतोड कुटुंबांचे नव्हेत. तथापि स्थिर व प्रेमळ सांभाळाचे महत्त्व त्यांतून स्पष्ट होते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. परंतु अंगणवाडी गावाशी बांधलेली असल्याने स्थलांतरात पोषण व लसीकरण खंडित होण्याचा धोका राहतो. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. तेथे मूल आईवडिलांजवळ राहते, पण हंगामाबरोबर शाळा संपते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अंमलात आला. हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मधील संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना यांचा भर मुले शाळेत टिकविण्यावर आहे. तान्ह्या मुलांचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. शिक्षण आणि आईवडिलांचा सहवास यांतून एकाची निवड करण्याची वेळ कुटुंबावर येऊ नये, यासाठी तळांवर पाळणाघरे व गावी बारमाही रोजगार हे उपाय अधिक मूलगामी ठरतात.