सायलेन्सरचे सांधे आणि गुरुवारची सुटी

हवेली तालुक्यातील पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे आणि खेड तालुक्यातील कसबे चाकण यांचा इतिहास सांगू लागलेला लेखक मोरया गोसावींच्या समाधीपाशी, चापेकर बंधूंच्या वाड्यापाशी आणि १६६० साली शायिस्ताखानाच्या अफाट फौजेला संग्रामदुर्गाच्या तटावरून ५६ दिवस झुंजविणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यापाशी मनसोक्त रेंगाळतो, आणि मग कारखान्यांची नामावळी एका परिच्छेदात उरकून हात झटकतो. त्या नामावळीच्या आड एक लहानसे, परंतु या मुलखाच्या अंगवळणी पडलेले कसब दडलेले आहे. मोटारीचा गंजलेला सायलेन्सर आपल्याच अंगणात उतरवून नवा चढविणे आणि त्याचे फुसफुसणारे सांधे धूरबंद करणे, हे ते कसब. कारखान्याच्या दरवाजातून ते घरात आले कसे आणि गेल्या दोन-तीन दशकांत ते पुन्हा त्याच दरवाजाआड गेले कसे, हा वृत्तांत लिहून ठेवण्याजोगा आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि पुढे त्या महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीस नांदू लागली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात आकुर्डीस बजाज ऑटो व बजाज टेम्पो, पिंपरीस टेल्को अशी मातब्बर मंडळी जमिनी घेऊन बसली. १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका असा सरकारदरबारचा अंमलही क्रमाक्रमाने पक्का होत गेला. या साऱ्या घडामोडींत एक बाब इतिहासकाराच्या दप्तरात सहसा रुजू होत नाही. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्या निरनिराळ्या वारांना वाटून देण्यात आल्या आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. अवघे पुणे कचेरीत गुंतलेले असता येथील जोडारी, वेल्डर आणि कातारी घरी मोकळा असे, आणि हत्यारे हाताळण्याची सवय असलेला माणूस सुटीच्या दिवशी स्वस्थ बसत नाही.

प्रारंभीचे शिक्षण स्कूटरने दिले. पियाजिओशी झालेल्या कराराने बजाजची व्हेस्पा आकुर्डीस बनू लागली, १९७१ साली तो करार संपला आणि पुढच्याच वर्षी चेतक अवतरली. या दुचाक्यांचे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे, ते तेल अर्धवट जळे आणि त्याचा चिकट कार्बन सायलेन्सरच्या पोटात थरावर थर बसत जाई. सायलेन्सर चोक झाला की स्कूटर चढावर मान टाकी. त्यावर घरगुती तोड अशी की सायलेन्सर उतरवून जाळावर धरावा, आतील मळी पेटून जळू द्यावी आणि मग लाकडी ठोकळ्याने ठोकून खपल्या झाडाव्यात. तो जळका, तेलकट वास शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुळीच रुचत नसे, परंतु शेजाऱ्याच्या घरीही तीच स्कूटर असल्याने तक्रार फारशी पुढे जात नसे.

मोटारीचे प्रकरण अधिक गहन होते. फियाट असो वा अँबेसेडर, इंजिनापासून शेपटापर्यंतची नळी तीन-चार तुकड्यांची असे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला एक सांधा असे. मॅनिफोल्डपाशी फ्लँज आणि पॅकिंग, पुढे नळीत नळी सरकवून आवळलेला यू-क्लँप. हे सांधे गळतात ते प्रायः आतून आलेल्या गंजाने. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने नळीतून जाते, आणि जी मोटार केवळ निगडीहून चिंचवडच्या मंडईपर्यंत जाऊन परतते तिचा सायलेन्सर पुरता तापतच नसल्याने ते पाणी आम्लासह त्याच्या तळाशी साचून राहते. वरून पत्रा साजरा दिसावा आणि स्क्रूड्रायव्हर टोचताच आरपार जावा, असा अनुभव या कामात नित्याचा.

गळती शोधण्याची रीत साधी व शहाणपणाची होती. काळ्या काजळीचा ओघळ ज्या सांध्यावर दिसेल तो पहिला आरोपी. खात्री करायची तर गाडी उघड्यावर काढून इंजिन मंद चालू ठेवावे, एकाने ओल्या फडक्याची घडी शेपटाच्या तोंडाशी क्षणभर दाबून धरावी आणि दुसऱ्याने कान देऊन फुसकारा कोठून येतो ते ऐकावे. गंजून एकजीव झालेल्या नटांवर आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवीत. तरीही न मानणाऱ्या नटाला गॅसच्या ज्योतीने लाल करीत किंवा सरळ हॅक्सॉने कापीत. नवे पॅकिंग विकत आणण्यापेक्षा घरी बनविण्यात काही जणांना विशेष अभिमान वाटे. अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा फ्लँजवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत गेले की धातूची धार स्वतःच पत्रा कापते आणि बोल्टांच्या भोकांसह हुबेहूब आकार हाती येतो. सरकत्या सांध्यावर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून वर सोडियम सिलिकेटचा लेप देत, इंजिन थोडा वेळ मंद चालवून तो सुकवीत आणि रात्रभर गाडीला हात लावीत नसत. ज्याने उतावीळपणे साधी एपॉक्सी लांबी फासली त्याचे काम चार दिवसांत गळून पडे, कारण कित्येकशे अंशांचा ताप तिला सोसत नाही.

या सर्वांहून महत्त्वाची हिकमत आवळण्याच्या क्रमात होती. नवी नळी आधी रबरी हँगरांवर सैल टांगावी, कोठे चासीला वा अ‍ॅक्सलला टेकते काय ते पाहावे, आणि मग इंजिनाकडून शेपटाकडे एकेक सांधा पक्का करीत जावे. मागून सुरुवात केली की सारा ताण पुढच्या फ्लँजवर येतो आणि नवे पॅकिंगही महिन्याभरात फुटते. ही शिस्त पुस्तकातून आलेली नव्हती. १९७७ साली टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले, त्या जुळणीच्या रांगेवर उभे राहिलेल्या हातांना ती आपसूक ठाऊक होती, आणि गुरुवारी तीच गल्लीत उतरत होती.

या कसबाची काळी बाजूही नोंदविली पाहिजे. अ‍ॅस्बेस्टॉस कापताना उडणारी धूळ फुप्फुसात आयुष्यभर रुतून बसते, हे ज्ञान अंगणापर्यंत फार उशिरा पोहोचले; आज ग्राफाइटचे वा पोलादी पापुद्र्याचे पॅकिंग त्या जागी आले आहे. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून गळती तपासण्याचा अविचारही काही जण करीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्या धाडसाचा धोका ध्यानात येईपर्यंत हातपाय लुळे पडलेले असतात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली विटांच्या भरवशावर शिरणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

मग धुराला कायदा लागू झाला. १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुण्यात १ एप्रिल २००५ पासून भारत स्टेज तीन, २०१० पासून चार आणि २०२० पासून देशभर सहा अशी मर्यादा आवळत गेली. तोवर सांधा गळला तर आवाज वाढे आणि आत बसलेल्यांना धुराचा त्रास होई, इतकेच. आता नळीत ऑक्सिजन सेन्सर बसला आणि गळतीचे परिणाम इंजिनापर्यंत पोहोचू लागले. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी सेन्सरच्या अलीकडचा गळका सांधा बाहेरची हवा आत ओढतो, सेन्सरला मिश्रण विरळ भासते, संगणक अधिक पेट्रोल सोडतो आणि मालक मायलेज घटल्याबद्दल पंपवाल्याला दोष देतो.

दरम्यान उद्योगाचा गुरुत्वमध्य उत्तरेस सरकला. बजाजने १९९९ साली चाकणला कारखाना काढला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ तेथे आल्या, २०१० साली महिंद्र आली. आणि २००७ साली आकुर्डीचे स्कूटर-मोटारसायकलींचे उत्पादन थांबले. चाकणहून निघणाऱ्या मोटारींचा पुढचा भाग स्टेनलेस पोलादाचा, कन्व्हर्टरसह एकसंध जोडलेला असतो. तेथे घरगुती हाताला वाव नाही, आणि माझ्या मते तो नसणेच योग्य, कारण लेपाने झाकलेली चूक आता साऱ्या शहराच्या हवेत मिसळते. मागचा डबा, क्लँप आणि हँगरचे रबर एवढीच वहिवाट घरमालकाकडे उरली आहे. गंमत अशी की ज्या गल्ल्यांत एक पिढी सांध्याचा फुसकारा बंद करण्यासाठी घाम गाळीत होती, त्याच गल्ल्यांत पुढच्या पिढीतील काही तरुण बुलेटचा आवाज वाढावा म्हणून पदरचे पैसे मोजतात. सायलेन्सरने आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सांगतो, आणि पुण्याच्या पोलिसांनी जप्त केलेल्या असल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवून त्या नियमाचे जाहीर निरूपणही केले आहे.

जुन्या गाडीच्या मालकाला भंगारातून चांगला फ्लँज वा नळीचा बाक शोधायचा तर कुदळवाडी-चिखलीची भंगार-बाजारपेठ हे हक्काचे ठिकाण होते. कन्व्हर्टरच्या पोटातील प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांमुळे अलीकडे धुराच्या नळीलाही भंगारात भाव आला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत गोदामे व शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. आता त्या मालकाला एक तर पुण्यात नाना पेठेत खेटे घालावे लागतात, नाही तर भोसरीत एखाद्या लेथवर फ्लँज कातून घ्यावा लागतो. आणि तो कातून देणारा कारागीर बहुधा उरलेला दिवस चाकणच्या नव्या गाड्यांचे सुटे भाग कातीत असतो.