जामबागेतली जुनी फियाट आणि आमचे उस्ताद

हैदराबादेतल्या मराठी माणसांचा इतिहास लिहायला बसले की शाळा, ग्रंथालये आणि नाट्यमंडळी आधी आठवतात. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची नावे येतात, आमच्या जामबागेतली विवेकवर्धिनी येते. ते योग्यच आहे. पण त्याच जामबागेत आणखी एक शाळा भरत असे. तिला घंटा नव्हती, हजेरीपट नव्हता आणि तिची नोंद आजवरच्या कोणत्याही स्मरणिकेत आमच्या वाचनात आलेली नाही. घराच्या अंगणात जुनी मोटार उभी करून, भंगारातून निवडून आणलेल्या भागांनी ती पुन्हा चालती करण्याची ती शाळा. आम्ही भावंडे तिचे विद्यार्थी. यंदाच्या गणेशोत्सवाच्या निमित्ताने तिची हकीकत लिहून ठेवतो.

ही विद्या आमच्याच भागात का रुजली, याला कारण आहे. जून १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गौलीगुड्याला, त्या बसगाड्यांचे ठाणे झाले. लोखंडी पत्र्याची ती प्रचंड कमान अमेरिकेतून आली होती आणि मुळात विमाने ठेवण्यासाठी होती. जुनी माणसे तिला ‘मिसिसिपी हँगर’ म्हणत. बसगाड्या आल्या म्हणजे त्या दुरुस्त करणारे हातही आले. एकाच्या हाताखाली दुसरा तयार झाला. पुढे पुतलीबावली आणि जामबागेच्या रस्त्याला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने लागली. त्यामुळे आमच्या गल्लीत पान्याचा आवाज आणि शाळेतल्या प्रार्थनेचा आवाज एकाच वेळी ऐकू येई.

दुसरे कारण देशपातळीवरचे. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी चालवली होती. फोर्डचीही जुळणी होती. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले की, गाडी इथेच तयार करायची असेल तर राहा. १९५३-५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जुन्या शेवरोले आणि फोर्ड रस्त्यावर राहिल्या, पण त्यांचे नवे भाग येईनासे झाले. नवी गाडी घ्यायची तर मुख्यतः अँबॅसॅडर, फियाट किंवा स्टँडर्ड यांतून निवडायची, तीही नंबर लावून आणि वर्षानुवर्षे वाट पाहून. नंबर लागलेली गाडी विकली तर मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. म्हणून कारकुनाला किंवा मास्तरांना परवडणारी गाडी म्हणजे खरोखर मोडकळीला आलेलीच.

आमची फियाट अशीच होती. १९७८ साली वडिलांनी ती घेतली तेव्हा ती ढकलतच घरी आली. १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, आणि मागून निळा धूर. धूर निळा म्हणजे ऑइल जळते आहे आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या, हा पहिला धडा उस्तादांनी आम्हांला गाडीला हातही न लावता दिला. उस्ताद आमच्याच गल्लीत राहत. त्यांचे वडील गौलीगुड्याच्या बसगाड्यांवर फिटर होते. उस्ताद दिवसभर गॅरेजात काम करीत आणि संध्याकाळी नमाज आटोपून आमच्या अंगणात येत.

फियाट निवडण्यामागे वडिलांचा हिशेब होता. ती कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बने, आणि मुंबईची टॅक्सी म्हणजे फियाट. जिथे टॅक्स्या जास्त तिथे मोडलेल्या टॅक्स्याही जास्त. आमचे मामा परळला राहत. ते कुर्ल्याच्या किंवा चोर बाजारातल्या भंगारवाल्यांकडून भाग घेऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, रेल्वेने पाठवीत. दिवाळीच्या फराळाच्या डब्याखाली एकदा कार्ब्युरेटर निघाला होता. चिवड्याला पेट्रोलचा वास लागला म्हणून आई आठवडाभर मामांवर रागावलेली होती.

भंगारातला भाग घ्यावा कसा, हे उस्तादांनी शिकवले. ब्रेकचा ड्रम दोरीला टांगून हलकेच ठोकायचा. घंटेसारखा नाद आला तर तो साबूत, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. इंजिनाचा हेड उलटा ठेवून त्यात रॉकेल भरायचे. खालून पाझरले तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मग दाणेदार पेस्ट लावून, काठीला चोखणी बसवून, तो व्हॉल्व्ह तळव्यांमध्ये रवीसारखा घुसळायचा. आजी पडवीत ताक करी आणि आम्ही अंगणात व्हॉल्व्ह घासत असू. आमच्या फियाटला दिवे एका गाडीचे होते, दरवाजा दुसरीचा आणि डायनॅमो तिसरीचा. लांबी भरून रंग दिल्यावर ते बाहेरून कळत नसे, आम्हांला मात्र ठाऊक होते.

एकदा मात्र आमच्याकडून चूक झाली. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वाट्या झिजल्या होत्या. नव्या वाट्यांचे पैसे वाचवावे म्हणून थोरल्या भावाने उस्तादांना न विचारता भंगारातल्या सिलिंडरमधल्या, दिसायला चांगल्या वाट्या काढून बसवल्या. चार दिवस गाडी ठीक चालली. पाचव्या दिवशी नौबत पहाडाच्या उतारावर पॅडल पार खाली गेले. गाडीत आई आणि धाकटी बहीण होती. वडिलांनी गिअर खाली घेत, हँडब्रेक ओढत गाडी मातीच्या ढिगाला लावली. कोणाला खरचटलेही नाही. संध्याकाळी उस्ताद आले. ते ओरडले नाहीत. जुनी वाटी बोटांत धरून त्यांनी वाकवली, तशी तिला कडेने बारीक चिरा पडलेल्या दिसल्या. मग म्हणाले, “चलानेवाला पुर्जा पुराना चलता बाबा, रोकनेवाला नया होना.” त्यानंतर आमच्या घरी ब्रेकला जुना भाग कधी लागला नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. उस्तादांना आमच्याकडे चहा मिळे, पण अंगणात आणि वेगळ्या कपातून. तो कप मोरीच्या खिडकीत पालथा असे. त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही हत्यारे पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू लावले, झेंडूची फुले वाहिली. पूजेतले निम्मे पाने उस्तादांचे होते. त्यांना पूजेला मात्र कोणी बोलावले नव्हते. ते पाने न्यायला आले, पूजा दिसली, तसे फाटकाशीच थांबले आणि “रहने दो, कल लेता हूँ” म्हणून परत गेले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी आजीने स्वतः निरोप धाडला आणि उस्ताद पाटाशेजारी बसले. कप बदलायला आणखी काही वर्षे गेली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि हळूहळू अंगणातली शाळा ओस पडली. नव्या गाड्यांचा दोष पान्याने नव्हे, संगणकाने सापडतो. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, आणि २०२१ पासून जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण आले आहे. धूर आणि अपघात पाहता त्याला आमचा विरोध नाही. रोकनेवाला नया होना, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. गौलीगुड्याची ती कमान जुलै २०१८ मध्ये कोसळली. मुंबईची शेवटची फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. बहादूरपुऱ्याला के. सुधाकर यांनी भंगारातून घडवलेल्या अजब मोटारींचे संग्रहालय आहे. नातवंडांना तिथे नेले की ती विचारतात, “आजोबा, हे हातांनी केलं?” तेव्हा आम्हांला आमचे अंगण आठवते.

उस्ताद आता नाहीत. आमच्या भावंडांतले दोघे इंजिनिअर झाले. त्यांच्या प्रमाणपत्रांवर कॉलेजांची नावे आहेत, पण पहिले इंजिन त्यांनी ज्यांच्याकडून उघडायला शिकले त्यांचे नाव कुठेच नाही. असे उस्ताद सुलतान बाजार, काचीगुडा, शालीबंडा इथल्या पुष्कळ मराठी घरांना लाभले असतील. आपल्या मंडळींना विनंती की, घरात जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तक, सुट्या भागांच्या पावत्या किंवा अंगणातला एखादा फोटो असेल तर तो जपून ठेवावा. त्या फोटोत कडेला पाना धरून उभे असलेले गृहस्थ कोण, हे मागच्या बाजूला आजच लिहून ठेवावे. आमच्याकडे असा एक फोटो आहे. त्याच्या मागे आम्ही या श्रावणात नाव लिहिले. लिहिताना ध्यानात आले की, ‘उस्ताद’ याखेरीज त्यांचे पूर्ण नाव आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते. ते त्यांच्या मुलाला फोन करून विचारावे लागले.