चीवर, सुई आणि स्मृती : बौद्ध संघातील शिवणकामाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील पोशीर, नेरळ, कोंडाणे हा परिसर उल्हास नदी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात मोडतो. भातशेती हा येथील जीवनाचा आधार आहे. याच तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोंडाणे येथील बौद्ध लेणी कोरली गेली. कण्ह याचा शिष्य बलक याने हे काम केले, अशी नोंद तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील लेखात आढळते. अशा लेण्यांचे स्थापत्य, दाते आणि व्यापारी मार्ग यांची चर्चा नेहमी होते. परंतु वर्षावासात तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या हातांना कोणते काम असे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्या कामांपैकी एक महत्त्वाचे काम म्हणजे चीवर शिवणे. अलीकडे शिवणकामाकडे सजगतेची साधना म्हणून पाहिले जाते. या कल्पनेला प्राचीन बौद्ध परंपरेत कितपत आधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विनयपिटकातील शिवणकाम

भिक्षूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद व पाणी गाळण्याचे साधन यांच्याबरोबर सुईचा समावेश होतो. सुई ही संघाच्या दृष्टीने क्षुल्लक वस्तू नव्हती. चुल्लवग्गात सुई गंजू नये म्हणून नळी वापरण्याची, बोटाला इजा होऊ नये म्हणून अंगुस्तान वापरण्याची आणि टीप वाकडी जाऊ नये म्हणून खुणेचा दोरा घालण्याची अनुज्ञा आहे. त्याच वेळी हाड, हस्तिदंत किंवा शिंग यांपासून सुईचे घर करवून घेणे हा दोष मानला असून असे घर मोडून टाकावे, असा नियम आहे. कामात नीटसपणा हवा, पण साधनाचा मोह नको, ही दुहेरी दृष्टी येथे स्पष्ट होते.

महावग्गातील कथेनुसार मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी त्या आकृतीचे चीवर करता येईल का, असे आनंदाला विचारले. त्यानुसार तुकडे जोडून चीवर शिवण्याची पद्धत रूढ झाली. कापलेल्या वस्त्राला बाजारात मोल उरत नाही आणि चोरालाही त्याचा लोभ वाटत नाही. भाताच्या खाचरांत वाढलेल्या कर्जतच्या वाचकाला ही आकृती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वर्षावासानंतरच्या कठिन विधीत हे काम सामुदायिक रूप घेते. दान मिळालेले कापड संघ एका भिक्षूला देतो आणि ते कापणे, शिवणे व रंगविणे त्याच दिवशी पूर्ण करावे लागते. ‘कठिन’ हे नावच शिवताना कापड ताणून बसविण्याच्या चौकटीवरून आले आहे.

शिवणकाम आणि स्मृती

सतिपट्ठान सुत्तात चालणे, पाहणे, हातपाय आखडणे व पसरणे, संघाटी व पात्र धारण करणे या क्रिया जाणीवपूर्वक कराव्यात असे सांगितले आहे. शिवण्याचा स्वतंत्र उल्लेख त्या यादीत नाही. तथापि वस्त्र धारण करताना जी जाणीव अपेक्षित आहे, ती ते घडविताना अप्रस्तुत ठरावी असे मानण्यास कारण नाही. धम्मपद-अट्ठकथेत अनुरुद्धाचे चीवर शिवण्यासाठी महाकस्सप, सारिपुत्त व आनंद बसल्याची आणि स्वतः बुद्धांनी सुईत दोरा ओवल्याची कथा आहे.

मात्र परंपरेची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. महासुञ्ञत सुत्ताची पार्श्वभूमी चीवरकर्माचीच आहे. अनेक भिक्षू एकत्र जमून चीवरे तयार करीत असताना बुद्धांनी समूहात रमण्याविरुद्ध इशारा दिला. शिवाय पाली साहित्यात तृष्णेलाच ‘सिब्बनी’, म्हणजे शिवणारी, म्हटले आहे. कारण ती एका भवाला दुसरा भव जोडते. शिवणे स्वभावतःच साधना आहे, असे प्राचीन संघाने मानले नाही. संयम, हेतू व मर्यादा यांच्या चौकटीत बसले तरच ते साधनेला पोषक ठरते.

महाराष्ट्रातील पुरावा

कोंडाण्याचा लेख वस्त्राविषयी काही सांगत नाही. परंतु सह्याद्रीपलीकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत याविषयी मोलाची माहिती मिळते. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ च्या लेखात ३,००० कार्षापणांची अक्षयनिधी ठेव नोंदविली आहे. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. त्याचे वार्षिक व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण ‘चिवरिक’ म्हणून द्यावयाचे होते. हिशोब तंतोतंत जुळतो. विणकराचा माग, राजकुळाचे दान आणि भिक्षूचे चीवर यांचे नाते या नोंदीतून उलगडते. विनयाचा विचार करता या साखळीतील अखेरचा दुवा भिक्षूच्या हातातील सुई हाच होता.

जपानशी तुलना

शिवणकामाला उघडपणे साधनेचा दर्जा मिळाला तो जपानमध्ये. दोगेन (१२००–१२५३) यांनी चीवराच्या माहात्म्यावर लिहिले. विसाव्या शतकात सावाकी कोदो (१८८०–१९६५) यांनी विधिपूर्वक चीवर शिवण्याच्या पद्धतीला नवे बळ दिले. या परंपरेत प्रत्येक टाक्याबरोबर शरणवचन म्हटले जाते. पुढे ती अमेरिकेतही पोहोचली. तेथे ही साधना दीक्षा घेणाऱ्या गृहस्थांपर्यंत विस्तारली, हे विशेष.

निष्कर्ष

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात वर्षावास व चीवरदान यांना नवे सामाजिक अधिष्ठान लाभले. आज दान दिले जाते ते बहुधा तयार चीवर. त्यामुळे दानाची श्रद्धा टिकली, पण कापड आणि चीवर यांच्यामधील श्रमाचा टप्पा दृष्टीआड झाला. सजगतेच्या साधनेत शिवणकामाला स्थान देणे म्हणजे परकी कल्पना उसनी घेणे नव्हे. तिची बीजे विनयातच आहेत. परंतु विनयाने सुईबरोबर मर्यादाही सांगितली, याचे भान सुटल्यास केवळ हस्तकौशल्य उरते. लेण्यांच्या अभ्यासात दगड कोरणाऱ्या हातांइतकेच चीवर शिवणारे हातही विचारात घेतले, तर पश्चिम महाराष्ट्रातील बौद्ध संघजीवनाचे चित्र अधिक पूर्ण होईल.